हॅशमॅपमधील मूल्य अद्ययावत करणे (जावा)

हॅशमॅपमधील मूल्य अद्ययावत करणे म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेतील हॅशमॅप या संग्रहात आधीपासून असलेल्या किल्लीशी जोडलेले मूल्य बदलणे होय. हॅशमॅपमध्ये माहिती किल्ली आणि मूल्य अशा जोड्यांच्या रूपात साठवली जाते. प्रत्येक किल्ली एकदाच येऊ शकते, मूल्ये मात्र कितीही वेळा सारखी असू शकतात. शब्दांची वारंवारिता मोजणे, मालाचा साठा ठेवणे, मतांची गणना करणे, खात्यांवरील शिल्लक सांभाळणे अशा अनेक कामांत नवी नोंद घालण्यापेक्षा जुनी नोंद बदलण्याची क्रिया अधिक वेळा घडते.

ही क्रिया वरवर सोपी दिसते, परंतु तिच्यात पुष्कळदा तीन पायऱ्या असतात: जुने मूल्य वाचणे, त्यावरून नवे मूल्य काढणे आणि नवे मूल्य लिहिणे. या तीन पायऱ्या एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत यावर उत्तराची अचूकता अवलंबून असते. येथे होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच चुकांमुळे प्रोग्राम थांबत नाही किंवा कोणताही संदेश देत नाही. केवळ बेरीज चुकते. म्हणून कोणत्या प्रसंगी कोणती मेथड वापरावी हे समजून घेणे आवश्यक ठरते.

या लेखात मेथडची नावे देवनागरी लिप्यंतरात दिली आहेत. प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये ती रोमन लिपीत लिहावी लागतात. 'की' हा प्रचलित शब्द मराठीतील उभयान्वयी अव्ययाशी गोंधळ निर्माण करतो, म्हणून त्याऐवजी 'किल्ली' हा शब्द योजला आहे.

पार्श्वभूमी

जावाच्या पहिल्या आवृत्तीत हॅशटेबल हा क्लास होता. १९९८ मध्ये आलेल्या जावा १.२ मध्ये संग्रहांची एक सुसूत्र चौकट भाषेत समाविष्ट झाली. तिचा मुख्य आराखडा जोशुआ ब्लॉक यांनी केला होता. हॅशमॅप हा क्लास आणि मॅप हा इंटरफेस याच चौकटीचे भाग आहेत. २००४ मधील जावा ५ मध्ये जेनेरिक्स आले, त्यामुळे किल्ली आणि मूल्य कोणत्या प्रकारचे आहे हे आधीच जाहीर करता येऊ लागले. त्याच आवृत्तीत साधी संख्या आणि तिचे इंटिजर ऑब्जेक्ट यांतील रूपांतर आपोआप होऊ लागले.

मूल्य अद्ययावत करण्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल मार्च २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावा ८ मध्ये झाला. या आवृत्तीत मॅप इंटरफेसमध्ये मर्ज, कम्प्यूट, कम्प्यूटइफप्रेझेंट, कम्प्यूटइफॲब्सेंट, गेटऑरडिफॉल्ट, रिप्लेस, रिप्लेसऑल आणि पुटइफॲब्सेंट या मेथड जोडल्या गेल्या. लॅम्डा पदावली याच आवृत्तीत आल्यामुळे 'जुन्या मूल्याचे काय करायचे' हे सांगणारे छोटे फंक्शन थेट मेथडला देणे शक्य झाले.

अंतर्गत कार्य

हॅशमॅपच्या मुळाशी कप्प्यांचा एक ॲरे असतो. सुरुवातीची क्षमता वेगळी सांगितली नसेल तर कप्प्यांची संख्या १६ असते. किल्ली दिली जाते तेव्हा तिच्या हॅशकोड या मेथडकडून एक पूर्णांक मिळवला जातो आणि त्यावरून कप्पा ठरतो. दोन वेगळ्या किल्ल्या एकाच कप्प्यात येऊ शकतात. म्हणून त्या कप्प्यातील नोंदींशी किल्ली ताडून पाहिली जाते. त्यात प्रथम हॅश संकेतांक आणि नंतर इक्वल्स या मेथडचे उत्तर तपासले जाते.

समान किल्ली सापडली तर त्याच नोंदीतील मूल्य बदलले जाते. सापडली नाही तर नवी नोंद तयार होते. नोंदींची संख्या क्षमतेच्या ०.७५ पटीपलीकडे, म्हणजे १६ कप्प्यांच्या बाबतीत १२ च्या पुढे गेली, की कप्प्यांची संख्या दुप्पट केली जाते. अस्तित्वात असलेल्या किल्लीचे मूल्य बदलल्याने नोंदींची संख्या वाढत नाही.

येथे एक बारकावा आहे. इक्वल्सनुसार समान, परंतु स्मृतीत वेगळे असलेले ऑब्जेक्ट किल्ली म्हणून दिले, तर केवळ मूल्य बदलते. मॅपमध्ये आधीपासून असलेले किल्लीचे ऑब्जेक्ट तसेच राहते.

संपूर्ण मूल्य बदलणे

जुने मूल्य विचारात न घेता नवे मूल्य ठेवायचे असेल तर पुट ही मेथड पुरेशी असते. किल्ली आधीच असेल तर तिचे मूल्य बदलले जाते आणि जुने मूल्य उत्तर म्हणून परत मिळते. किल्ली नसेल तर नवी नोंद होते आणि नल परत मिळते. मात्र टंकलेखनाच्या चुकीने वेगळीच किल्ली दिली गेली, तर पुट तक्रार न करता तिची नवी नोंद करते.

केवळ अस्तित्वात असलेल्या किल्लीचेच मूल्य बदलायचे असेल तेव्हा रिप्लेस वापरली जाते. किल्ली नसेल तर ही मेथड मॅपला हात लावत नाही. रिप्लेसचे तीन घटक घेणारे रूपही आहे. त्यात किल्ली, अपेक्षित जुने मूल्य आणि नवे मूल्य द्यावे लागते. सध्याचे मूल्य अपेक्षेप्रमाणे असेल तरच बदल होतो आणि बदल झाला की नाही हे ट्रू किंवा फॉल्स या उत्तराने कळते. याउलट पुटइफॲब्सेंट ही मेथड किल्ली नसेल तरच मूल्य ठेवते; त्यामुळे अस्तित्वात असलेले मूल्य बदलण्यासाठी तिचा उपयोग होत नाही.

जुन्या मूल्यावरून नवे मूल्य काढणे

समजा, एका गोदामात दिवसभरात आलेल्या पेट्यांची यादी अशी आहे: आंबा, फणस, आंबा, काजू, आंबा, फणस. प्रत्येक फळाच्या किती पेट्या आल्या हे 'साठा' नावाच्या हॅशमॅपमध्ये मोजायचे आहे. अपेक्षित उत्तर आंबा ३, फणस २, काजू १ असे आहे.

जावा ८ पूर्वीच्या रूढ पद्धतीत प्रथम कंटेन्सकी या मेथडने किल्ली आहे का हे पाहिले जाई. असल्यास गेटने जुनी संख्या घेऊन तीत एक मिळवून पुटने परत ठेवली जाई; नसल्यास पुटने १ ठेवला जाई. या पद्धतीत आधीच्या किल्लीसाठी मॅपमध्ये तीन वेळा शोध घ्यावा लागतो. किल्ली आहे की नाही हे न तपासता थेट गेटच्या उत्तरात एक मिळवू गेल्यास, पहिल्याच पेटीला नल मिळून नलपॉइंटरएक्सेप्शन येते.

गेटऑरडिफॉल्ट या मेथडमुळे ही तपासणी टळते:

साठा.पुट(फळ, साठा.गेटऑरडिफॉल्ट(फळ, ०) + १);

किल्ली नसेल तर ० मिळतो, त्यात १ मिळवून नवे मूल्य ठेवले जाते. यात वाचणे आणि लिहिणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

मर्ज ही मेथड हेच काम एका हाकेत करते:

साठा.मर्ज(फळ, १, इंटिजर::सम);

तिचा अर्थ असा: किल्ली नसेल तर दिलेले मूल्य, म्हणजे १, तसेच ठेवावे; किल्ली असेल तर जुने मूल्य आणि दिलेले मूल्य यांवर फंक्शन चालवून येणारे उत्तर ठेवावे. वरील यादीत पहिल्या 'आंबा'साठी बेरीज होतच नाही, १ थेट ठेवला जातो. दुसऱ्या 'आंबा'साठी १ आणि १ यांची बेरीज २ आणि तिसऱ्यासाठी २ आणि १ यांची बेरीज ३ होते. हॅशमॅपमध्ये यासाठी किल्लीचा शोध एकदाच घेतला जातो.

किल्ली नसताना फंक्शन चालत नाही ही गोष्ट विसरल्यास मर्ज चुकीचे उत्तर देते. गोदामातून पाच पेट्या बाहेर गेल्या म्हणून कोणी मर्जला ५ ही संख्या आणि वजाबाकीचे फंक्शन दिले, तर नोंद असलेल्या फळाच्या बाबतीत वजाबाकी बरोबर होईल. नोंदच नसलेल्या फळाच्या बाबतीत मात्र वजाबाकी न होता साठ्यात ५ पेट्या जमा झालेल्या दिसतील.

अशा ठिकाणी कम्प्यूटइफप्रेझेंट ही मेथड योग्य ठरते. तिला दिलेले फंक्शन किल्ली अस्तित्वात असून तिचे मूल्य नल नसेल तरच चालते. फंक्शनला किल्ली आणि जुने मूल्य मिळते. फंक्शनने नल परत केल्यास ती नोंदच काढून टाकली जाते. त्यामुळे 'पेट्या वजा कराव्यात आणि शिल्लक शून्य झाल्यास फळाचे नाव यादीतून काढावे' हा नियम एकाच फंक्शनमध्ये लिहिता येतो.

कम्प्यूट ही मेथड या गटातील सर्वांत व्यापक आहे. किल्ली असो वा नसो, तिचे फंक्शन नेहमी चालते. किल्ली नसल्यास जुन्या मूल्याच्या जागी नल दिले जाते. म्हणून फंक्शनमध्ये नलचा विचार करणे ही लिहिणाऱ्याची जबाबदारी असते. मर्ज, कम्प्यूट आणि कम्प्यूटइफप्रेझेंट या तिन्ही मेथडमध्ये फंक्शनने नल दिल्यास नोंद नाहीशी होते.

संख्येच्या मर्यादेकडेही लक्ष द्यावे लागते. इंटिजरमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. इंटिजर::सम ही मर्यादा ओलांडल्यास कोणताही संदेश न देता ऋण उत्तर देते. त्याऐवजी मॅथ::ॲडएक्झॅक्ट वापरल्यास मर्यादा ओलांडताच एक्सेप्शन येते. मोठ्या बेरजांसाठी लाँग हा प्रकार वापरणे श्रेयस्कर असते.

नल मूल्याचा प्रश्न

हॅशमॅपमध्ये एक नल किल्ली आणि कितीही नल मूल्ये चालतात. त्यामुळे गेटने नल दिल्यास त्याचे दोन अर्थ संभवतात: किल्ली नाही, किंवा किल्ली आहे पण तिचे मूल्य नल आहे. हा भेद कंटेन्सकी वापरून कळतो.

जावा ८ मधील मेथड या बाबतीत एकसारख्या वागत नाहीत. मर्ज, पुटइफॲब्सेंट आणि कम्प्यूटइफॲब्सेंट या मेथड नल मूल्य असलेली किल्ली जणू नाहीच असे मानतात. गेटऑरडिफॉल्ट मात्र किल्ली आहे एवढेच पाहते आणि पर्यायी मूल्य न देता नल परत करते. त्यात एक मिळवू गेल्यास नलपॉइंटरएक्सेप्शन येते. हॅशमॅपची रिप्लेस ही मेथडही नल मूल्याची नोंद अस्तित्वात आहे असेच धरते. मॅपमध्ये नल मूल्य न ठेवण्याचा नियम पाळल्यास हे सर्व भेद आपोआप निरर्थक होतात.

मूल्य बदलणे आणि मूल्यातील आशय बदलणे

इंटिजर आणि स्ट्रिंग हे प्रकार अपरिवर्तनीय आहेत. गेटने मिळालेल्या इंटिजरमध्ये एक मिळवल्यास नवे ऑब्जेक्ट तयार होते. मॅपमधील जुने मूल्य तसेच राहते. म्हणून नवे मूल्य मॅपमध्ये परत लिहावेच लागते. नवशिक्यांच्या प्रोग्राममध्ये ही परत लिहिण्याची पायरी राहून गेल्याचे पुष्कळदा दिसते.

मूल्य हे ॲरेलिस्टसारखे परिवर्तनीय ऑब्जेक्ट असेल तर स्थिती उलट असते. गेटने मिळालेल्या यादीत घटक जोडल्यास मॅपमधील यादीच बदलते, कारण दोन्ही ठिकाणी एकाच ऑब्जेक्टचा निर्देश असतो. प्रत्येक किल्लीसाठी एक यादी ठेवायची असल्यास कम्प्यूटइफॲब्सेंट वापरण्याचा प्रघात आहे: यादी नसेल तर ती नवी तयार करून मॅपमध्ये ठेवली जाते, असेल तर तीच परत मिळते आणि तिच्यात नवा घटक जोडला जातो. एकच यादी अनेक किल्ल्यांना मूल्य म्हणून दिली गेली असेल, तर एका किल्लीमार्फत केलेला बदल सर्व किल्ल्यांच्या ठिकाणी दिसतो.

इंटिजर मूल्यांची तुलना दुहेरी बरोबरचिन्हाने करणेही धोक्याचे आहे. जावा −१२८ ते १२७ या संख्यांची इंटिजर ऑब्जेक्ट पुन्हा वापरते, त्यामुळे लहान संख्यांवर चाचणी घेताना अशी तुलना बरोबर ठरते. साठा मोठा झाल्यावर तीच तुलना चुकू लागते. अशा तुलनेसाठी इक्वल्स वापरावी लागते.

सर्व मूल्ये एकदम बदलणे

मॅपमधील प्रत्येक मूल्य एकाच नियमाने बदलायचे असल्यास रिप्लेसऑल वापरली जाते. नोंदींवरून लूप फिरवताना निवडक मूल्ये बदलायची असल्यास नोंदीच्या सेटव्हॅल्यू या मेथडने थेट बदल करता येतो.

लूप चालू असताना मॅपमध्ये किल्ली जोडली किंवा काढली, तर साधारणतः कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन येते. हॅशमॅपमध्ये अस्तित्वात असलेल्या किल्लीचे मूल्य बदलणे हा मात्र रचनेतील बदल मानला जात नाही, म्हणून लूप सुरक्षितपणे पुढे चालतो. कम्प्यूट गटातील मेथडना दिलेल्या फंक्शनने आतून त्याच मॅपमध्ये फेरफार करू नये. असा फेरफार लक्षात आल्यास जावा ९ पासून हॅशमॅप एक्सेप्शन देतो.

मॅप.ऑफ या जावा ९ मधील मेथडने तयार केलेला मॅप अपरिवर्तनीय असतो. त्यातील मूल्य बदलण्याचा प्रयत्न केल्यास अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन येते.

किल्ली न जुळणे

जुने मूल्य बदलण्याऐवजी नवीच नोंद तयार झाली, तर बहुधा किल्ली जुळलेली नसते. स्वतः तयार केलेल्या क्लासचे ऑब्जेक्ट किल्ली म्हणून वापरताना इक्वल्स आणि हॅशकोड या दोन्ही मेथड परस्परांशी सुसंगत लिहाव्या लागतात. केवळ इक्वल्स लिहिल्यास समान ऑब्जेक्टचे हॅश संकेतांक वेगळे येतात आणि जुनी नोंद सापडत नाही. तसेच मॅपमध्ये ठेवल्यानंतर किल्लीच्या ऑब्जेक्टमधील आशय बदलल्यास तिचा संकेतांक बदलतो आणि ती नोंद मॅपमध्ये असूनही नेहमीच्या शोधाला सापडत नाही. स्ट्रिंग अपरिवर्तनीय असल्यामुळे किल्ली म्हणून सोयीची ठरते.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. 'दऱ्या' या शब्दातील ऱ्य हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते: नुक्तायुक्त 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक जोडून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, परंतु स्ट्रिंगची तुलना संकेतांकांच्या क्रमाने होत असल्याने हॅशमॅपच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या किल्ल्या असतात. परिणामी एका शब्दाची वारंवारिता दोन नोंदींत विभागली जाते. जावातील नॉर्मलायझर हा क्लास 'र' आणि स्वतंत्र नुक्ता यांचे 'ऱ'मध्ये एकत्रीकरण करू शकतो, पण शून्य रुंदीचा जोडक काढून टाकत नाही. म्हणून मराठी शब्द मोजताना जोडक असलेले रूप आधी स्वतःच एका ठरावीक रूपात बदलून घ्यावे लागते. शब्दाला चिकटलेली विरामचिन्हेही काढावी लागतात, अन्यथा 'आंबा' आणि स्वल्पविरामासह 'आंबा' या वेगळ्या किल्ल्या ठरतात.

अनेक थ्रेडमधून बदल

एकाच वेळी अनेक थ्रेडनी बदल करण्यासाठी हॅशमॅप बनवलेला नाही. समजा, आंब्याच्या ४० पेट्यांची नोंद आहे आणि दोन थ्रेड एकाच वेळी प्रत्येकी एक पेटी नोंदवत आहेत. दोघांनीही ४० वाचले, दोघांनीही ४१ हे उत्तर काढले आणि दोघांनीही ४१ लिहिले, तर दोन पेट्या येऊनही नोंद एकानेच वाढते. याला हरवलेले अद्यतन म्हणतात. हॅशमॅपवर मर्ज वापरल्यानेही हा दोष टळत नाही.

अशा वेळी जावा ५ पासून उपलब्ध असलेला कॉन्करंटहॅशमॅप वापरला जातो. त्यातील मर्ज, कम्प्यूट आणि कम्प्यूटइफप्रेझेंट या मेथड वाचणे, काढणे आणि लिहिणे या तिन्ही पायऱ्या अविभाज्यपणे पार पाडतात. परंतु कॉन्करंटहॅशमॅपवरही गेट आणि पुट वेगवेगळे वापरल्यास त्या दोहोंच्या मध्ये दुसऱ्या थ्रेडला बदल करता येतो आणि हरवलेले अद्यतन पुन्हा संभवते. म्हणजे केवळ मॅपचा प्रकार बदलणे पुरेसे नसून मेथडही बदलावी लागते. कॉन्करंटहॅशमॅपमध्ये नल किल्ली वा नल मूल्य चालत नाही. फार वारंवार वाढणाऱ्या गणनेसाठी मूल्य म्हणून लाँगॲडर हे ऑब्जेक्ट ठेवून ते कम्प्यूटइफॲब्सेंटने मिळवणे व वाढवणे हा मार्गही वापरला जातो.

मेथडची निवड

• जुने मूल्य विचारात न घेता नवे ठेवणे. किल्ली नसल्यास नवी नोंद चालेल: पुट
• किल्ली असेल तरच मूल्य बदलणे: रिप्लेस
• मूल्य अपेक्षेप्रमाणे असेल तरच बदलणे: तीन घटकांची रिप्लेस
• मोजणी, बेरीज किंवा मजकूर जोडणे: मर्ज
• अस्तित्वात असलेल्या मूल्यावरून नवे काढणे, गरज पडल्यास नोंद काढणे: कम्प्यूटइफप्रेझेंट
• किल्ली असताना आणि नसताना वेगळा नियम लावणे: कम्प्यूट
• प्रत्येक किल्लीसाठी यादी किंवा संच ठेवणे: कम्प्यूटइफॲब्सेंट
• सर्व मूल्यांना एकच नियम लावणे: रिप्लेसऑल